दमिश्कची वही आणि डॉक्टरांचं बिल

आपल्याकडे इस्लामी वैद्यकाचा इतिहास सांगायचा म्हटला की ठरलेली नावं येतात. अल-राझी, इब्न सिना, अल-झहरावी, इब्न अल-नफीस. कुणी शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं काढून ठेवली, कुणी हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा मार्ग सांगितला, कुणाचा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. जलशातल्या भाषणात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात हीच यादी असते. यादी खोटी नाही. पण तिच्यात एक माणूस कधीच नसतो. तो म्हणजे शिफाखान्यात वही घेऊन बसलेला कारकून. रुग्णाच्या जेवणाला किती लागले, औषधाला किती गेले, हे लिहिणारा.

मला या लेखात त्याच्याबद्दल लिहायचं आहे. त्याला निमित्त आजचं आहे. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, नांदेड अशा शहरांतल्या आपल्या वस्त्यांत छोटे दवाखाने आणि दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम गल्लोगल्ली आहेत. तिथल्या डॉक्टरांशी संगणकावर बिल काढण्याचा विषय काढला की दोन उत्तरं मिळतात. एक, ‘आमच्याकडे येतो गरीब माणूस, त्याला कसलं बिल द्यायचं?’ दुसरं, ‘सगळं मशीनवर गेलं की इन्कम टॅक्सवाले दारात.’ दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे. तरीही मला वाटतं की डिजिटल बिलाचा सगळ्यात जास्त फायदा याच डॉक्टरांना आहे. आणि ज्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो, तिनं हिशेबाला कधी कमी लेखलं नव्हतं.

पहिलं दरपत्रक

डॉक्टरच्या फीचा प्रश्न फार जुना आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायदा इसवीसनापूर्वी अठराव्या शतकातला. त्यात वैद्याचे दर कोरलेले आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेनं प्रतिष्ठित माणसाचा जीव वाचला तर १० शेकेल चांदी, सामान्य माणसाचा वाचला तर ५, आणि गुलामाचा वाचला तर २ शेकेल, तेही मालकानं द्यायचे. प्रतिष्ठित रुग्ण दगावला तर वैद्याचा हात तोडावा, अशीही तरतूद त्यात आहे.

या दरपत्रकात पुढच्या चार हजार वर्षांचा पेच दिसतो. आजारी माणूस घासाघीस करू शकत नाही. वैद्य पोटासाठी काम करतो, पण खाटेजवळ उभं राहून पैसे मागणं त्यालाही जड जातं. आणि कुणाला किती परवडतं हे ठरवायचं कुणी? म्हणजे उपचार एका हातात आणि पैशाचा हिशेब दुसऱ्या हातात असेल, तरच दोघांचा मान राहतो. ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी करण्याचं श्रेय मध्ययुगीन मुस्लिम शहरांना द्यावं लागतं.

दमिश्क, ११८४

अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर हजला गेला होता. परतीच्या वाटेवर ११८४ साली तो दमिश्कला थांबला. तिथं नूरुद्दीन झंगीनं ११५४ च्या सुमारास बांधलेला बिमारिस्तान होता. बिमारिस्तान हा फारसी शब्द, अर्थ आजाऱ्यांचं ठिकाण. इब्न जुबैरनं त्याचं वर्णन करताना इमारतीच्या शोभेत वेळ घालवला नाही. त्यानं लिहिलं की या शिफाखान्याचा रोजचा खर्च सुमारे १५ दिनार आहे. तिथं एक कारभारी असतो. त्याच्या ताब्यात नोंदवह्या असतात. त्यांत रुग्णांची नावं आणि प्रत्येकासाठी लागणाऱ्या औषधांचा, अन्नाचा, इतर गोष्टींचा खर्च लिहिलेला असतो. तबीब रोज सकाळी येतात, रुग्ण तपासतात आणि ज्याला जे योग्य ते औषध आणि पथ्य तयार करायला सांगतात.

हे वर्णन मला फार मोलाचं वाटतं. तबीबाचं काम तपासणं आणि सांगणं. वहीचं काम दुसऱ्याचं. तबीबानं सांगितलेली गोष्ट वहीत रुग्णाच्या नावापुढे चढते आणि तिचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागतो. आज ज्याला आपण ‘पेशंट अकाउंट’ म्हणतो, ते याहून वेगळं काय आहे?

शंभर वर्षांनी, १२८४-८५ मध्ये, कैरोत सुलतान कलावूननं मन्सुरी बिमारिस्तान उभा केला. सुलतान होण्याआधी तो दमिश्कच्या त्याच नूरी शिफाखान्यातल्या औषधानं बरा झाला होता, असं इतिहासकार सांगतात. त्यानं या शिफाखान्याला बाजार, दुकानं, हमामखाने अशा मालमत्ता वक्फ करून दिल्या. वक्फनामा म्हणजे कायदेशीर दस्त. उत्पन्न कुठून येईल, ते कशावर खर्च होईल, देखरेख कुणाची, हे सगळं त्यात बांधून दिलेलं. उपचार मोफत होते, पण ‘मोफत’ म्हणजे ‘बेहिशेबी’ नव्हतं. उलट उपचार मोफत ठेवायचे म्हणूनच हिशेब काटेकोर ठेवावा लागायचा, कारण वक्फचा पैसा कुणा एकाचा नसतो.

हिशेबासोबत उपचाराची नोंदही येते. नवव्या शतकातल्या इसहाक इब्न अली अल-रुहावी यानं ‘अदब अल-तबीब’ हा वैद्याच्या आचारावरचा ग्रंथ लिहिला. तबीबानं प्रत्येक भेटीत रुग्णाची अवस्था आणि दिलेला उपचार लिहून ठेवावा, आणि रुग्ण दगावला तर ती टिपणं जाणत्या तबीबांपुढे तपासली जावीत, असं त्यात सांगितलं आहे. उपचार नीट झाले असतील तर तबीब सुटतो. कागद हा तबीबाच्या विरोधातला पुरावा नसून त्याची ढालही असतो, हे तेव्हाही ठाऊक होतं.

बिदर, हैदराबाद आणि आपले शब्द

ही परंपरा दख्खनेतही आली. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद शाह (१४३६-१४५८) यानं राजधानी बिदरमध्ये शिफाखाना काढला. औषधं आणि अन्नाच्या खर्चासाठी त्याला गावांचं उत्पन्न लावून दिलं आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही वैद्य नेमले, असं फरिश्ता लिहितो. फरिश्ता स्वतः वैद्यकावर लिहिणारा माणूस होता. पुढे मुहम्मद कुली कुतुबशाहनं हैदराबाद वसवलं, तेव्हा १५९५ च्या सुमारास तिथं दारुश्शिफा बांधला. शहराच्या त्या भागाचं नाव आजही दारुश्शिफाच आहे.

या राज्यांचा हिशेब फारसीत चालायचा. त्यासाठी ‘सियाक’ नावाची आकड्यांची खास लिपी होती. अरबी संख्यावाचक शब्दांचीच झटपट लिहिता येणारी चिन्हं. ज्याला सियाक येत नाही त्याला दप्तरात बसता यायचं नाही. या कारभाराचा वारसा आपल्या मराठीनं जिभेवर जपला आहे. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख, दप्तर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ‘फडणीस’ म्हणजे मुळात फर्दनवीस, हिशेबाची फर्द लिहिणारा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी वाण्याच्या वहीतली ‘बाकी’ बाकीच राहिली. त्यामुळे हिशेबाची शिस्त परकी आहे किंवा ती आत्ता संगणकासोबत आली, असं निदान दख्खनच्या माणसानं तरी म्हणू नये.

हकीमसाहेब आणि उधारीची वही

राजाश्रय गेला, वक्फच्या मिळकती कमी झाल्या किंवा भांडणांत अडकल्या. तबीब एकटा पडला. आता उपचार, फी आणि दानधर्म हे तिन्ही हिशेब त्याला स्वतःच्या खिशातून सांभाळायचे होते. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी त्यावर आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे तोड काढली होती. दिल्लीतल्या रुग्णांकडून ते फी घेत नसत आणि संस्थानिकांच्या बोलावण्यावर बाहेरगावी गेले तर दिवसाला हजार रुपये घेत, अशी त्यांची ख्याती. हिंदुस्तानी दवाखान्याच्या औषधविक्रीतला पैसा त्यांनी तिब्बिया कॉलेजकडे वळवला. या कॉलेजचं उद्‌घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झालं. पुढे १९४८ मध्ये हकीम अब्दुल हमीद यांनी हमदर्द दवाखाना वक्फ केला. श्रीमंताकडून घेऊन गरिबावर खर्च करण्याचं हे गणित खरं, पण ते चालवायला पक्की हिशेबवही लागते.

आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे काय असतं? शंभर पानी वही. त्यात ‘सलमाची आई २००’, ‘रिक्षावाला १५०’, ‘पॉवरलूमवाला, पुढच्या जुम्म्याला’ अशा नोंदी. अशा वह्या मी पाहिल्या आहेत. वही फाटली की उधारी बुडाली. कंपाउंडर बदलला की कोण ‘रिक्षावाला’ हे कुणालाच आठवत नाही. डॉक्टर मनानं चांगला असतो, म्हणून तो मागत नाही. रुग्ण लाजेनं पुन्हा येत नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि त्याच्या शुगरचा दोन वर्षांचा इतिहास पहिल्याच्या डोक्यात राहून जातो. दोनशे रुपयांच्या न लिहिलेल्या हिशेबापायी उपचारच तुटतो.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकरातली २८२ वी, कुठल्या विषयावर आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहायला कंटाळू नये, असं तिथं बजावलं आहे. डॉक्टरची उधारी या हुकुमाच्या बाहेर कशी राहील?

डलासमधली थकबाकी

आज आपण ज्याला मेडिकल बिलिंग म्हणतो, त्याचा आधुनिक साचा मात्र अमेरिकेत घडला. त्याची एक कडी थेट थकबाकीच्या वहीशी जोडलेली आहे. १९२९ साली डलासमधल्या बेलर रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किम्बल यांच्याकडे आला. ते आधी शहराच्या शाळांचे अधीक्षक होते. रुग्णालयाची न भरलेली बिलं चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसली. ती त्यांच्या शाळाशिक्षकांची होती. त्यांनी योजना काढली की प्रत्येक शिक्षकानं महिन्याला ५० सेंट भरायचे, गरज पडली तर २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातला मुक्काम मिळेल. पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावानं पसरलेल्या आरोग्य विम्याचा हा आरंभ मानला जातो. कोण बिल भरू शकत नाही हे वहीत स्पष्ट दिसलं, म्हणून त्यावर उपाय सुचला.

१९६५ मध्ये अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली. कोट्यवधी माणसांची बिलं सरकारकडे येऊ लागली. प्रत्येक डॉक्टर आपापल्या भाषेत बिल लिहील तर तपासायचं कसं? अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६६ मध्ये उपचारांच्या कोडची पहिली यादी काढली. तिला सीपीटी म्हणतात. रोगांचे कोड त्याच्या आधीचे. जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं, त्यातून पुढे आयसीडी ही जागतिक यादी झाली आणि १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. हळूहळू दोन्ही याद्या बिलाच्या कागदावर शेजारी-शेजारी आल्या. एक सांगते काय झालं होतं, दुसरी सांगते काय केलं. मधुमेह टाईप दोन, गुंतागुंत नसलेला, म्हणजे ई ११.९. जुन्या रुग्णाची साधी तपासणी म्हणजे ९९२१३. हे दोन कोड जुळले तर पैसे मिळतात, नाही जुळले तर बिल परत येतं.

१९९६ च्या हिपा कायद्यानं इलेक्ट्रॉनिक बिलांचा एकच नमुना ठरवण्याची वाट मोकळी केली. १६ ऑक्टोबर २००३ पासून, छोट्या दवाखान्यांसारखे अपवाद सोडले तर, मेडिकेअरची बिलं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंच पाठवणं बंधनकारक झालं. २०१५ मध्ये रोगांच्या कोडची दहावी आवृत्ती लागू झाली आणि सुमारे १४ हजार कोडच्या जागी जवळपास ७० हजार कोड आले. हे कुणाच्या पाठांतरात बसणारं नव्हतं, संगणकाशिवाय गत्यंतर उरलं नाही.

डॉक्टरला यातून काय मिळालं? रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच त्याचा विमा चालू आहे की नाही हे कळू लागलं. बिल पाठवण्याआधी प्रोग्राम ते तपासतो. जन्मतारीख चुकली, कोड जुळत नाहीत, मंजुरीचा क्रमांक राहिला, हे तिथंच दिसतं. पूर्वी हीच चूक काही आठवड्यांनी परत आलेल्या पाकिटातून कळायची. पैसे आले की कुठल्या बिलाचे आले, किती कापले आणि का कापले याचा तपशील सोबत येतो. याच कामातून पुणे, हैदराबाद, चेन्नईत रात्रपाळीचे रोजगार उभे राहिले. आपली शेकडो मुलं-मुली अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं तपासतात आणि सकाळी घरी येऊन झोपतात. त्यांच्याच मोहल्ल्यातला डॉक्टर मात्र शंभर पानी वहीवर आहे.

महाराष्ट्रात काय बदललं

भारतात बराच काळ बिल म्हणजे रोख आणि पावती. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण, हातात स्मार्ट कार्ड, अंगठ्याची खूण आणि रुग्णालयाकडून कागदाविना दावा. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली, कुटुंबाला ५ लाखांपर्यंतच्या संरक्षणासह.

या योजनांत रुग्णालयाच्या दारात ‘आरोग्यमित्र’ बसतो. तो रेशनकार्ड पाहतो, नोंद करतो. डॉक्टर तपासणीचे अहवाल ऑनलाइन पाठवतो, शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी येते, उपचारानंतर दावा जातो. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात पैशाची बोलणी व्हायचं कारण उरत नाही. दमिश्कच्या कारभाऱ्याची मला इथं आठवण येते. अर्थात मंजुरी अडते, पैसे उशिरा येतात, ही तक्रार खरी आहे. पण तिथंही कुठला दावा किती दिवस अडकला हे तारखेसह दाखवू शकणाराच डॉक्टर भांडू शकतो.

दुसरी गोष्ट आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांवर कायद्यानं एक जबाबदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली, उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. आता विचार करा, एकूण बिलं किती झाली हेच कच्च्या कागदावर असेल, तर २ टक्के कशाचे काढणार? गरिबाचा हक्क बिलाच्या नोंदीवर उभा आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात खाजगी रुग्णालयांची बिलं तपासायला सरकारला लेखापरीक्षक बसवावे लागले. तेव्हाही तपशीलवार बिल असेल तिथंच जादा आकारणी पकडणं शक्य होतं, आणि प्रामाणिक रुग्णालयाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करणंही.

छोट्या दवाखान्याचा फायदा

आता गल्लीतल्या डॉक्टरकडे येऊ. त्याला अमेरिकेचे ७० हजार कोड नकोत. त्याला साधा प्रोग्राम पुरे. रुग्णाचं नाव, मोबाइल, निदान, औषध, फी, मिळालेले, बाकी. एवढ्यानं काय होतं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, उधारी बुडत नाही आणि कुणाला चारचौघांत मागावीही लागत नाही. महिन्याला एक अदबीचा संदेश जातो. ज्याला माफ करायचं त्याच्या नावापुढे डॉक्टर ‘माफ’ लिहितो, मग कंपाउंडर त्याला अडवत नाही.

दुसरं, जकातीचा हिशेब नीट होतो. जे येणं परत मिळण्याची खात्री आहे, ते जकातीच्या हिशेबात धरावं असं बहुतेक फुकहांचं मत आहे. उलट, गरीब रुग्णाची जुनी उधारी सोडून दिली की आपली जकात अदा झाली, असं अनेक डॉक्टर समजतात. बहुतेक फुकहा ते मान्य करत नाहीत. उधारी माफ करणं सवाबाचं काम आहे, पण जकात द्यायची तर ती हातात द्यावी लागते. येणं किती, माफ किती, जकात किती हे तीन आकडे वेगळे दिसले तरच हे पाळता येईल.

तिसरं, कर. ही भीती सगळ्यात मोठी, म्हणून स्पष्ट लिहितो. डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोपी सवलत मिळते. तिची मर्यादा ५० लाख होती. २०२३ च्या अर्थसंकल्पानं ती ७५ लाख केली, पण रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तरच. म्हणजे डिजिटल व्यवहार करणाऱ्याला इथं उघड फायदा आहे. शिवाय घर, मशीन किंवा नर्सिंग होमसाठी बँकेकडे जाताना तीन वर्षांचं दाखवलेलं उत्पन्नच कामी येतं.

चौथं, कायद्याचं संरक्षण. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवणं आणि मागितल्यास ७२ तासांत देणं हा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांचा भाग आहे. रुग्ण दगावल्यावर दवाखान्यासमोर जमाव जमतो, तेव्हा कुठल्या वेळी काय दिलं हे तारीख-वेळेसह दाखवता येणं म्हणजे काय असतं, हे ज्या डॉक्टरवर तशी वेळ आली त्यालाच विचारावं. अल-रुहावीचा सल्ला अकराशे वर्षांनीही जुना झालेला नाही.

पाचवं, वेळ. रात्री अकराला दवाखाना बंद करून रोकड मोजत, वही जुळवत बसणारा डॉक्टर घरी केव्हा जाणार? रोजमेळ आपोआप निघाला तर तो अर्धा तास त्याच्या पोरांचा आहे.

सावध राहायचं कुठं

अमेरिकेच्या अनुभवातून धडेही घ्यायला हवेत. तिथं बिलासाठी बनवलेल्या प्रणालीनं डॉक्टरलाच कारकून करून टाकलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या कामाच्या वेळेचा फक्त २७ टक्के भाग समोरासमोरच्या रुग्णसेवेत आणि ४९ टक्के संगणक-कागदपत्रांत जातो, असं दिसलं. ज्या साधनानं वही तबीबाच्या हातातून काढून घ्यायची, त्यानंच ती परत त्याच्या मांडीवर ठेवली. आपल्याकडे बिलाच्या नोंदी दवाखान्यातल्या प्रशिक्षित मुलीनं किंवा मुलानं कराव्यात. डॉक्टरची नजर पडद्यावर नको, रुग्णावर हवी.

दुसरा धोका एकाच टोपलीत सगळं ठेवण्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामवंत रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत चेंज हेल्थकेअर या दावे हाताळणाऱ्या मोठ्या कंपनीवर हल्ला झाला. हजारो डॉक्टरांचे पैसे अडकले, छोट्या दवाखान्यांना पगार देणं मुश्किल झालं. म्हणून माहितीची दुसरी प्रत आपल्याकडे असावी आणि प्रोग्राम घेतानाच विचारावं की उद्या तुम्हाला सोडलं तर माझी माहिती मला कुठल्या स्वरूपात परत मिळेल.

तिसरा धोका गुप्ततेचा. वस्ती लहान असते. कुणाला टीबी, कुणाला एचआयव्ही, कुणाच्या सुनेचे उपचार चालू आहेत, हे बाहेर गेलं तर घरं मोडतात. वही कुलपात राहायची. मोबाइलवरचा प्रोग्राम चार जणांच्या हातात असतो. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, कंपाउंडरला फक्त रक्कम दिसेल आणि निदान नाही, एवढी सोय नसलेला प्रोग्राम डॉक्टरनं घेऊच नये. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकतो.

आणि शेवटचा धोका नियतीचा. कोड बदलून साध्या आजाराचं मोठं बिल करता येतं, न केलेला उपचार दाखवता येतो. मशीन खोटंही तितक्याच सुबकपणे छापतं. म्हणून त्या आयतीत लिहिणाऱ्याला न्यायानं लिहायला सांगितलं आहे आणि सोबत दोन साक्षीदारही सांगितले आहेत. रुग्णाला समजेल अशा मराठी किंवा उर्दूत, बाबवार छापलेलं बिल त्याच्या हातात देणं ही आजची साक्ष आहे.

मला आपल्या डॉक्टर संघटनांना एक सुचवावंसं वाटतं. दरवर्षी आपण मोफत आरोग्य शिबिरं भरवतो, ती भरवावीत. त्यासोबत एखाद्या रविवारी शहरातल्या छोट्या दवाखान्यांसाठी हिशेबाचं शिबिर घ्यावं. अमेरिकेची बिलं तपासणारी आपलीच मुलं तिथं शिकवतील. चार प्रोग्राम समोर ठेवावेत, सनदी लेखापालाला बोलवावं, जकातीच्या प्रश्नांसाठी एखाद्या मुफ्तीसाहेबांना बोलवावं. मोहल्ल्यातल्या वीस दवाखान्यांनी एकत्र येऊन एक प्रोग्राम घेतला तर खर्चही विभागला जाईल, आणि कोणत्या गल्लीत डेंग्यू वाढतोय हे नगरपालिकेच्या आधी त्यांना कळेल. माफ केलेल्या बिलांचा वर्षाचा एकूण आकडा निघाला, तर जकात गोळा करणाऱ्या संस्थांपुढे ठेवायला खरी मागणी असेल. आज ती कुठंच लिहिलेली नाही, म्हणून कुणाला दिसत नाही.